पंचनामा वैशाखात नको, आश्विनात करा



होळी होऊन दीड महिना झाला. भट्टीवरची, मिठागरावरची, द्राक्षबागेतली माणसं घरी यायला लागलीत. मोह वेचून संपला, करवंदं काळी व्हायला लागलीत, राब भाजून झाले. आणि नेमका ह्याच दिवसांत पाड्यापाड्यावर कागद फिरतो आहे. जंगलजमिनीवरच्या प्लॉटांची चौकशी होणार, साहेब जागेवर येणार, पंचनामा करणार, तरी प्लॉटवाल्यांनी हजर राहावं, असा तो कागद.

कागद बघून आमच्यातल्या पुष्कळांना बरं वाटलं. इतकी वर्षं मोर्चे काढले, तहसील कचेरीसमोर उन्हात बसलो, पोलीस चौकीत रात्री काढल्या, तेव्हा कुठे चौकशीपर्यंत गाडं आलं. पण एका पाड्यावर आम्ही हा कागद वाचून दाखवला तेव्हा एक आजा नुसता हसला. बोलला, "वैशाखात येणार काय? मंग माझी जमीन त्यांना नाय दिसायची. ती आता निजली हाय."

आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं. कायद्याचं कलम विचारा, सांगतो. पण आजाचं बोलणं नीट समजायला आम्हाला दोन दिवस लागले. समजलं तेव्हा ठरवलं, की ह्या अंकात दुसरं काही नको, हेच लिहू. कारण ह्या वेळी आपण चुकलो तर आपलीच जमीन आपल्याच अंगठ्याने जाईल.

वैशाखात काय दिसतं?

दादा, बाय, आज संध्याकाळी आपल्या प्लॉटावर जाऊन उभे राहा आणि साहेबाच्या डोळ्यांनी बघा. काय दिसतं? उघडा डोंगर. वाळलेलं गवत, दगड, मधे एखादा मोह. राबाच्या तुकड्यावर काळी राख. बांधाचे दगड गुरांनी ढकललेले. माळा मोडून त्याच्या काठ्या चुलीत गेल्या. खळ्यावर पाचोळा. पीक नाय, हिरवं पान नाय.

साहेब कागदावर लिहितो, "जागेवर लागवड दिसून येत नाही. जमीन पडीक." राख बघितली तर लिहितो, "वणवा लावल्याच्या खुणा आढळल्या." प्लॉटाचा मालक भट्टीवरून अजून यायचा असेल, घराला कुडाचं दार लावलेलं असेल, तर लिहितो, "इसम गैरहजर. गावात राहत नसल्याचे समजते." तिन्ही गोष्टी त्याने डोळ्यांनी बघून लिहिल्या. खोटं काहीच लिहिलं नाही. तरी सगळा पंचनामा खोटा.

म्हणून आम्ही म्हणतो, आमची जमीन बघायची तर आमचं वर्ष समजून घ्या. ते आम्ही खाली लिहितो आहोत. आपल्या लोकांना ह्यात नवं काही नाही. पण साहेब पाड्यावर आला की त्याच्यापुढे हे घडाघडा बोलता आलं पाहिजे. त्याने विचारायच्या आधी आपण बोललं पाहिजे.

आमचं वर्ष

आमचं वर्ष राबापासून सुरू होतं. माघ-फाल्गुनात ऐनाचा टहाळ उतरवायचा, वाळवायचा. मग शेण, त्यावर टहाळ, त्यावर गवत-पाचोळा, वरून माती, असे थर लावून चैत्र-वैशाखात भाजायचं. शेतीखात्याचा माणूस येऊन सांगतो की हे अडाणीपण आहे. अडाणीपण कसं ते त्याने आम्हाला शिकवावं. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, पहिल्या पावसाला रोप जोमाने वर येतं आणि उपटताना मुळासकट सहज सुटतं. आणि राब किती? जेवढी लावणी करायची त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. सगळा डोंगर कुणी भाजत नाही. ऐनाचा टहाळ काढला तर झाड मरत नाही, पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. आमच्या आजाने टहाळलेले ऐन आम्ही टहाळतो. ते मेले असते तर आम्ही काय टहाळलं असतं?

ह्या राबाचं भांडण आजचं नाही. इंग्रजांनी १८७८ साली जंगलाचा कायदा केला, जंगलं राखीव केली आणि टहाळ तोडायला बंदी सुरू झाली. तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला कमिशन नेमावं लागलं. शंभर वर्षं उलटून गेली. इंग्रज गेला. राबाला अजून गुन्हाच म्हणतात.

मग मोह. पहाटे उठून टोपल्या घेऊन बायापोरं मोहाखाली. फुलं वाळवून ठेवायची, पुढे मोहट्या गोळा करून तेल काढायचं. मोह आमच्या शेताच्या मध्ये उभा असतो, नांगर त्याला वळसा घालून जातो. आम्ही जंगल तोडणारे असतो तर शेतातला मोह पहिला तोडला असता. त्याच्या सावलीत पीक कमीच येतं.

ज्येष्ठात ढग आले की राबावर पेरणी. पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्याला वलगणीचे मासे चढतात, रात्री टेंभे घेऊन सगळा पाडा पाण्यात. रानात शेवळं निघतात, लोत निघते, बांबूला वास्ते फुटतात. गावदेवाला आधी दाखवल्याशिवाय कोवळी भाजी आम्ही तोंडात घालत नाही. कोवळ्या कोंबाला आधी वाढू द्यायचं, हा नियम आम्हाला कुठल्या खात्याने शिकवलेला नाही.

आषाढ-श्रावणात आवणी. भाताची खाचरात, नागली-वरईची डोंगरउतारावर. कमरेत वाकून दिवसभर चिखलात. आणि हेच उपाशी दिवस. कणगी रिकामी असते. सकाळी आंबील, रात्री पेज, तीपण मिळाली तर. कडू कंद खणून आणायचे, चिरायचे, उकडायचे, रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा त्यांचा कडूपणा जातो. सावकाराच्या ओसरीवर ह्याच दिवसांत जावं लागतं. एक मण उचलायचं, दिवाळीनंतर दीड मण घालायचं. १९९२ साली वावर-वांगणीची पोरं कुपोषणाने गेली आणि मुंबईच्या पेपरांत फोटो आले. मंत्री आले, गाड्या आल्या. तेव्हाही पावसाचेच दिवस होते. ज्या घराकडे नागली-वरईपुरतीसुद्धा जमीन नाही, त्या घरातलं पोरगं पावसात पहिलं मरतं. डॉक्टरच्या कागदावर जुलाब लिहितात, निमोनिया लिहितात. जमीन नव्हती असं कुठलाच डॉक्टर लिहीत नाही.

भाद्रपदात निंदणी. गौरी नाचतात. डुकरं-वानरं राखायला शेतात माळा बांधून रातभर जागायचं. आणि आश्विन आला की बघा डोंगर. वरई पिकून लवते, नागलीची बोंडं वळतात, उडदाला शेंगा, खुरासणी पिवळीधमक. खालच्या पाड्यावरून बोट दाखवून कुणीही सांगतो, तो तुकडा अमक्याचा, तो त्याच्या भावाचा, मधला पड ठेवलेला. तेव्हा कुठलाही साहेब "लागवड दिसून येत नाही" असं लिहू शकत नाही. लिहिलं तर त्याची कलमच त्याला हसेल.

मग कापणी, वाघबारस, दिवाळी, तारपा. खळ्यावर मळणी. सावकाराची दिडी फेडली, बियाणं बाजूला काढलं, की उरलेलं पौष-माघापर्यंत पुरतं. कुणाचं तेवढंही नाही. कातकरी भावांची घरं तर दिवाळी सरली की बाहेर पडतात. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्या, मिठागरं, गवताची कापणी, निफाडकडच्या द्राक्षबागा. पोरं शाळेतून काढून संगती न्यायची. म्हातारं माणूस घर राखायला मागे. होळीला थोडे येतात, बाकीचे आगोटीला, पाऊस तोंडावर आला की. आणि परत राब.

हे आमचं वर्ष. ह्यातला कुठला महिना रिकामा आहे? जमीन वैशाखात उघडी दिसते, कारण ती पावसाची वाट बघते.

आणखी एक गोष्ट साहेबाला कधी कळत नाही. डोंगरउताराची जमीन दर साल पिकवता येत नाही. पहिल्या साली नागली, दुसऱ्या साली वरई, तिसऱ्या साली उडीद नाहीतर खुरासणी. मग दोन-तीन वर्षं तिला विसावा द्यायचा, झुडूप वाढू द्यायचं. त्या विसाव्याच्या वर्षात पंचनामा झाला तर? "झाडोरा आहे, लागवड नाही." म्हणजे ज्याने मातीची काळजी घेतली त्याचा दावा जातो. ज्याने दर साल ओरबाडली त्याचा राहतो. हा कसला न्याय?

जंगलखात्याचं वर्ष

आता जंगलखात्याचं वर्ष बघा. तेपण आमच्याइतकंच ठरलेलं आहे.

राबाच्या दिवसांत गार्ड येतो. टहाळाचा भारा बघतो, विळा-कोयता हिसकावतो. सोडवायचा तर कोंबडी, नाहीतर रोख. पेरणीच्या तोंडावर मजूर घेऊन येतात आणि आपल्याच नांगरलेल्या तुकड्यात साग नाहीतर निलगिरी लावायला खड्डे खणतात. मजूर कोण? शेजारच्या पाड्याचे आपलेच सोयरे, कारण त्या दिवसांत त्यांनाही पेज पाहिजे. पीक उभं राहिलं की त्यात गुरं सोडल्याच्या तक्रारी आपण किती केल्या ते सगळ्यांना माहीत आहे. आणि घरं रिकामी असतात तेव्हा शाळेच्या दारावर नोटीस चिकटते. माणूस भट्टीवर, शाळेला कुलूप, नोटीस शेळीने खाल्ली. महिन्याने सांगतात, मुदत संपली.

आषाढात डोंगर चढून खड्डे खणायला ह्यांना जमतं. मग आश्विनात पंचनाम्याला यायला काय अडचण आहे? आम्ही विचारलं तर सांगतात, स्टाफ कमी आहे, पावसात रस्ता नाही. आश्विनात पाऊस कुठे असतो? ओढे उतरलेले असतात, पायवाटा वाळलेल्या असतात. येताना काकडी खायला मिळते, जाताना नागलीची भाकर. आमच्याकडे पाहुणा यायचे तेच दिवस.

आम्ही असं म्हणत नाही की प्रत्येक साहेब मुद्दाम वैशाख निवडतो. काहींना खरंच ठाऊक नसेल. पण ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायचं काम आपलं. सांगूनही जो वैशाखातच येतो, त्याचा हेतू आपल्याला कळला.

कायदा काय बोलतो

१९७८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने जी.आर. काढला. ३१ मार्च १९७८ ला जो जंगलजमीन कसत होता, त्याची जमीन काही अटींवर नावे करायची, असं त्यात होतं. १९७९ मध्ये त्यावर आणखी हुकूम निघाला. म्हणजे सरकारने स्वतः कबूल केलं की ही माणसं कसतात, ही चोर नव्हेत.

तेव्हा सगळ्यांची यादी नीट झाली असती तर आज हा अंक काढायची पाळी आली नसती. पण यादी कशावरून केली? जंगलखात्याच्या दप्तरावरून, दंडाच्या पावतीवरून. आता आठवा, पावती कुणाला मिळाली. ज्याला पकडून नेलं, केस केली, दंड ठोकला, त्याला. ज्याने गार्डाला कोंबडं दिलं, तूप दिलं, चार पैसे दिले, त्याला पावती कोण देणार? बापूस वीस वर्षं दर साल चिरीमिरी देत राहिला आणि पोराला आज सांगतात, तुझ्याकडे पुरावा नाही. लाच घेणाऱ्याने पावती दिली नाही, ह्याची शिक्षा लाच देणाऱ्या गरिबाला.

मग २५ ऑक्टोबर १९८० ला दिल्लीचा वनसंवर्धन कायदा आला. जंगलजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी पाहिजे. त्याच्या आड लपून राज्य सरकार बोलायला लागलं, आमच्या हातात काही नाही. पण १८ सप्टेंबर १९९० ला दिल्लीनेच राज्यांना परिपत्रकं पाठवली, की १९८० च्या आधीपासून कसणाऱ्यांचे दावे तपासून निकाली काढा, जंगलजमिनीचे तंटे मिटवा. आणि १९९१ साली महाराष्ट्रातल्या प्लॉटवाल्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने दाव्यांची चौकशी करायचा हुकूम दिला. आज साहेब पाड्यावर येतो तो मेहरबानी करायला येत नाही. तो हुकमाने येतो आणि आपण झगडलो म्हणून येतो. त्याच्यापुढे हात जोडून नको, सरळ उभं राहून बोला.

पाड्यावर परवा कुणी विचारलं, "एवढे कायदे असून जमीन का नाय मिळत?" तर भावांनो, कायदा मुंबई-दिल्लीत होतो, पण पंचनामा डोंगरावर होतो. कायद्यात दिलेलं पंचनाम्यात काढून घेता येतं. म्हणून पंचनाम्याच्या दिवसाला एवढं महत्त्व.

जुन्या माणसांना हे आधीच माहीत होतं. १९४५ साली वारल्यांनी वेठ बंद केली, तेव्हा संप कधी केला? गवताच्या हंगामात. जमीनदाराचं गवत उभं होतं, ते कापलं नाही तर त्याचं नुकसान. ५०० रतल गवताला अडीच रुपये द्या, नाहीतर विळा हातात घेत नाही, असं आपले आजे-पणजे बोलले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी भाऊ तिथे पडले. त्या माणसांना अक्षर येत नव्हतं. पण कुठल्या महिन्यात आपला हात वर असतो आणि कुठल्या महिन्यात खाली, हे त्यांना पक्कं कळत होतं. आपण शिकलो आणि हेच विसरलो.

शहरातल्या भल्या माणसांना

मुंबईची काही भली माणसं आम्हाला विचारतात, की तुम्हाला सगळ्यांना जमीन दिली तर जंगल उरणार काय? प्रश्न खोटा नाही. म्हणून उत्तरही खरं देतो.

उताराची माती पावसात वाहते, हे आम्हाला दिसतं. ओढ्याचं पाणी लाल होतं ती आमचीच माती. त्याला उपाय बांध घालणं, ताली घालणं, वरचा कडा मोकळा सोडणं, शेतातला मोह-ऐन राखणं. पण दरसाल ज्याला हुसकावून लावायची भीती आहे, तो बांध कशाला घालील? उद्या खड्डे खणून साग लावणार असतील तर तो आज दगड कशाला रचील? जमीन नावावर करा, मग रोजगार हमीवर बांधाची कामं काढा. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचं, असं हमीच्या कायद्यात लिहिलंच आहे. दिवाळीनंतर पाड्यावर काम निघालं तर आमची पोरं भट्टीवर जाणार नाहीत, शाळेत राहतील, आणि डोंगराची मातीपण राहील.

आणि जंगल कुणी संपवलं तेही बोलूया. ट्रकच्या ट्रक साग गेला तो आमच्या डोक्यावरून गेला काय? कुपं पाडली ती ठेकेदारांनी, नाक्यावर शिक्के मारले ते कुणी? १९७४ साली वनविकास महामंडळ काढलं. मिश्र जंगल साफ करून एकजात साग लावला, त्याला विकास म्हणतात. सागाखाली शेवळं निघत नाहीत, कंद निघत नाही, गुरांना चारा नाही. आमच्या लेखी ते जंगल नाही, ते लाकडाचं शेत आहे. आम्ही नागलीचं शेत केलं तर अतिक्रमण, त्यांनी सागाचं केलं तर विकास.

आपल्या घरातलं

दुसऱ्याला बोललो, आता आपल्याला बोलू. नाहीतर हा अंक वाचून कुणाला वाटेल की आपण सगळे धुतल्या तांदळासारखे.

निवडणुकीच्या तोंडावर काही ठिकाणी पुढारी बोलला, "तोडा, मी बघतो", आणि आपल्यातल्या काहींनी उभं जंगल तोडून नवे प्लॉट पाडले. पुढारी निवडून गेला, केस आपल्यावर राहिली. असल्या प्लॉटांची बाजू संघटना घेणार नाही. त्यांच्यामुळे तीस वर्षं कसणाऱ्या म्हाताऱ्याचा दावा संशयात येतो. रात्री व्यापाऱ्याच्या टेम्पोत सागाचे ओंडके चढवणारे हातही आपलेच आहेत. शंभर रुपये आणि बाटली मिळते, आणि सकाळी गार्ड आख्ख्या पाड्याला शिव्या देतो. पाड्याने बसून हे बंद केलं पाहिजे. ज्या गावांनी आपलं जंगल राखायचं ठरवलं आहे, तिथे बाहेरचा कोयता शिरत नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि बायांचं. राबाला टहाळ बाईने वाहिला, आवणी बाईने केली, निंदणी तिने केली, कंद तिने खणला. पंचनाम्याच्या दिवशी पुढे कोण? बाप्या. आणि बाया कुडाआड. प्लॉट टाकलेल्या बाईला, विधवेला कोण विचारतं? संघटनेच्या बैठकीत ठरलं आहे की दावा दोघांच्या नावाने लिहायचा आणि एकट्या बाईचा दावा तिच्याच नावाने. काही दादांना हे आवडलं नाही. पोलीस आले तेव्हा पुढे बायाच बसल्या होत्या, एवढीच त्यांना आठवण देतो.

आता काय करायचं

एक. तहसीलला आणि जंगलखात्याला पाड्याच्या वतीने अर्ज द्यायचा, की आमच्या पाड्याचा पंचनामा घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत करा. अर्जाचा नमुना मागच्या पानावर छापला आहे. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टरने पाठवा.

दोन. तरीही वैशाखातच आले तर पळून जायचं नाही. सगळा पाडा प्लॉटावर हजर राहायचा. भट्टीवर अजून जे आहेत त्यांना निरोप धाडा. आणि साहेबाला पीक नाही म्हणून खुणा दाखवा. दगडांचा बांध, खळं, माळ्याचे खड्डे, राबाची राख, गेल्या सालच्या नागलीची खुंटं, वाघदेवाचा दगड, बापजाद्यांचे मसणवट्यातले धोंडे. पड ठेवलेला तुकडा असेल तर आधीच सांगा, की हा विसाव्याला आहे, ह्यात अमक्या साली वरई होती.

तीन. पंच आपल्या गावचे पाहिजेत. चारी बाजूंचे शेजारी उभे करा, म्हाताऱ्या माणसाला पुढे बसवा. कुणाच्या बापसाने ती जमीन फोडली हे त्याला माहीत असतं. त्याचं बोलणं लिहून घ्यायला लावा.

चार. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही. वाचायला पाड्यातलं शिकलेलं पोरगं-पोरगी बसवा. लिहिलेलं चुकीचं असेल तर खाली आपलं म्हणणं लिहून मगच सही. पंचनाम्याची नक्कल मागा.

पाच. पावतीशिवाय एक पैसा नाही, एक कोंबडं नाही. आजपासून.

सहा. प्रत्येक घराने आपल्या प्लॉटाचं वर्ष लिहून काढायचं. कुठल्या साली काय पेरलं, किती मण झालं, कधी हुसकावलं, कधी दंड झाला. लिहिता येत नसेल तर संघटनेच्या पोरांना बोलवा, आम्ही वही घेऊन येतो. आपल्या बापजाद्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून आज पुरावा मागतात. पोरांवर ती पाळी नको.

शेवटी

त्या आजाकडे आम्ही परत गेलो. विचारलं, "आजा, साहेब ऐकला नाय आणि वैशाखातच आला तर?" आजा बोलला, "मंग त्याला बोला, खाली बस. हात लाव राखेला. ही राख कोनी केली, इचार. आनी पाऊस पडं तवर बस इथंच, मी पेज देतो."

राखेवर पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत हिरवं दिसतं. तोवर बसायची ज्याची तयारी नाही, त्याने आमच्या जमिनीला पडीक म्हणू नये.

पाड्यावर बैठक घ्या, हा अंक मोठ्याने वाचा, अर्जावर अंगठे-सह्या घ्या आणि आगोटीच्या आत कचेरीत द्या.

कसेल त्याची जमीन!
जिंदाबाद!